'हे मूल थांबू शकत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांची नोकरीतली बहुतेक वर्षं शाळा तपासण्यात गेली. वर्गात गेले की ते मागच्या बाकावर बसत आणि फळ्यापेक्षा मुलांकडे जास्त पाहत. त्यांच्या नावाने बोलायचं तर मुलांविषयी बोलावं असं मला वाटलं. त्यातही त्या मुलाविषयी, ज्याला वर्गात सगळे सर्वांत आधी ओळखतात : जे उत्तर माहीत नसताना हात वर करतं, रांग मोडतं, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही.

अशा मुलाची तपासणी झाली की अहवालात हल्ली एक वाक्य हमखास असतं : 'निरोधक नियंत्रण कमी आहे.' मूळ संज्ञा इनहिबिटरी कंट्रोल. पालक तो कागद घेऊन माझ्यासमोर बसतात तेव्हा त्या वाक्याचं रूप पालटलेलं असतं. आई म्हणते, 'याचा स्वतःवर ताबाच नाही.' आजोबा म्हणतात, 'वळण नाही.' मूल तिथेच, खुर्चीच्या कडेला बसून हे ऐकत असतं. अहवाल लिहिणाऱ्याला बहुधा एवढंच म्हणायचं होतं की संगणकावरच्या एका चाचणीत मुलाने चुकीच्या वेळी कळ दाबली. कळ दाबण्यापासून वळणापर्यंत आपण कसे पोचलो, हे मला आज मांडायचं आहे.

यातल्या 'रोध' म्हणजे इनहिबिशन या कल्पनेची सुरुवात माणसाच्या मनात झाली नाही, बेडकाच्या हृदयात झाली. 1845 साली एडुआर्ड आणि एर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन भावांनी दाखवून दिलं की व्हेगस मज्जातंतूला वीज दिली तर धडधडणारं हृदय मंदावतं, थांबतं. तोवरची समजूत अशी की मज्जातंतू चेतवला की अवयव काहीतरी करतो. इथे तर मज्जातंतू चेतवल्यावर अवयव थांबला. थांबणं हीदेखील शरीराने घडवून आणलेली क्रिया असते, हे त्यानंतर शास्त्राला मान्य करावं लागलं.

पुढे 1862मध्ये इव्हान सेचेनोव्ह हा रशियन शरीरशास्त्रज्ञ पॅरिसला क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की बेडूक तो ओढून घेतो. सेचेनोव्हने बेडकाच्या मेंदूच्या मधल्या भागावर मिठाचे खडे ठेवले, तर पाय ओढायला लागणारा वेळ लांबला. मेंदू खालच्या प्रतिक्षिप्त क्रियेला रोखू शकतो, याचा हा पुरावा होता. लगेच 1863मध्ये त्याने मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटलं की माणसाचा विचार म्हणजे अशीच एक प्रतिक्षिप्त क्रिया, जिचा शेवटचा टप्पा, म्हणजे हालचाल, रोखून धरलेली आहे. झारच्या सेन्सॉरांनी या ग्रंथाला बरेच अडथळे आणले, पण कल्पना पसरलीच. बेडकाच्या पायापासून माणसाच्या संयमापर्यंतची उडी ही अशी पहिल्याच पिढीत, जवळजवळ एका वर्षात, मारली गेली. ती भव्य आहे आणि मला आवडते. मात्र ती उडीच होती. मधलं अंतर त्या वेळी कोणी मोजलेलं नव्हतं.

चार्ल्स शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञांनी घाई केली नाही. आपण गुडघा सरळ करतो तेव्हा मांडीच्या पुढचे स्नायू आखडतात आणि त्याच क्षणी मागच्या स्नायूंना सैल पडावं लागतं. हे सैल पडणं मज्जारज्जूतल्या रोधामुळे होतं. 1932चं नोबेल पारितोषिक घेताना शेरिंग्टन यांनी व्याख्यानासाठी विषयच हा निवडला : शरीराच्या हालचालींचा मेळ बसवणारा घटक म्हणून रोध. हा रोध नाहीसा झाला तर काय होतं, ते आपल्याकडच्या जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. धनुर्वाताचं विष मज्जारज्जूतल्या रोधक पेशींचा संदेशच अडवतं. मग पुढचे आणि मागचे स्नायू एकदम आखडतात, दातखीळ बसते, पाठीची कमान होते.

मी हे इतक्या सविस्तर सांगतो आहे, कारण या पातळीवरच्या रोधाला चांगलं-वाईट काही नसतं. तुम्ही टाळी वाजवता तेव्हाही तो असतो, रागाच्या भरात थोबाडीत मारता तेव्हाही असतो. मारलेला हात नेमका गालावर पोचतो, तो या रोधाच्या मदतीनेच. तेव्हा 'मेंदूत रोधक यंत्रणा आहे' हे शंभर टक्के खरं असलं, तरी त्या खऱ्या विधानातून 'ज्याला राग आवरत नाही त्याची रोधक यंत्रणा दुबळी' हे निघत नाही.

इकडे वैद्यकात दुसरा एक प्रवाह होता. 1902 साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांबद्दल ती होती. स्टिल यांनी त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. आजच्या एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्वतःला आवरता येत नाही अशा स्थितीचा, इतिहास सांगताना बहुतेक पुस्तकं याच व्याख्यानांपासून सुरुवात करतात. आज अहवालात 'नैतिक' हा शब्द कोणी लिहीत नाही, त्या जागी 'निरोधक' आला. मला भीती वाटते ती ही की जुना ठपका नव्या शब्दाच्या आतून अजून बोलतो आहे.

आता प्रयोगशाळेत जाऊ. इथेच आकडे तयार होतात, त्यामुळे जरा थांबून पाहायला हवं.

पहिली चाचणी थांब-संकेताची. पडद्यावर बाण येतो. डावा आला तर डावी कळ, उजवा आला तर उजवी, शक्य तितक्या लवकर दाबायची. मधूनच, साधारण चारांतून एकदा, बाणापाठोपाठ 'बीप' वाजतो. तो वाजला तर कळ दाबायची नाही. बीप बाणानंतर लगेच वाजला तर हात थांबवता येतो, उशिरा वाजला तर हात सुटलेला असतो. संगणक हे अंतर कमी-जास्त करत राहतो, म्हणजे माणूस सुमारे निम्म्या वेळा यशस्वी होईल. पण थांबायला लागणारा वेळ मोजायचा कसा? यशस्वी थांबण्यात काही घडतच नाही, घड्याळ बंद करायला कळच दाबलेली नसते. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी 1984मध्ये त्यावर एक सुंदर तोड काढली. त्यांनी कल्पना केली की मनात 'दाब' आणि 'थांब' या दोन प्रक्रियांची शर्यत लागते आणि आधी पोचते ती जिंकते. या गृहीतकावरून थांबण्याचा अदृश्य वेळ गणिताने काढता येतो. निरोगी तरुणांत तो साधारण 200 ते 250 मिलिसेकंद भरतो. मानसशास्त्रातल्या सर्वांत देखण्या सिद्धांतांपैकी हा एक आहे असं माझं मत आहे, आणि मेंदूचे कोणते भाग हालचाल थांबवतात यावरच्या संशोधनाला त्याने फार मोठा आधार दिला.

पण त्या गणिताच्या अटी आहेत. बीप वाजेल म्हणून माणूस मुद्दाम हळू दाबायला लागला, तर गणित बिघडतं. बीपकडे लक्षच गेलं नाही, तर 'थांब' ही प्रक्रिया शर्यतीत उतरतच नाही, तरीही हिशेबात ती 'हरली' अशी नोंद होते. नऊ वर्षांचं मूल खिडकीबाहेरच्या पतंगाकडे पाहत होतं की बीप ऐकून हात आवरू शकलं नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी चाचणी स्ट्रूपची. जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935मध्ये अमेरिकेत नॅशव्हिल इथे असताना ती प्रसिद्ध केली. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचं. रंगीत चौकोनांचे 100 रंग सांगायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी 63.3 सेकंद लागले. विरोधी शब्दांच्या शाईचे 100 रंग सांगायला 110.3 सेकंद. स्ट्रूप यांच्या शीर्षकातला शब्द इंटरफिअरन्स होता, म्हणजे अडथळा. अडथळा आला ही नोंद, आणि माणसाने कशाचा तरी रोध केला हा त्या नोंदीचा लावलेला अर्थ. कॉलिन मॅक्लाउड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह 2003मध्ये हाच आक्षेप सविस्तर मांडला : अडथळा दिसला की लगेच रोध मानायचं कारण नाही, स्मृती आणि लक्ष यांच्या साध्या हिशेबातूनही तो समजावता येतो.

स्ट्रूप चाचणी आपल्याकडेही वापरली जाते; बंगळूरच्या निमहान्स या संस्थेच्या न्यूरोसायकॉलॉजी बॅटरीत, म्हणजे चाचण्यांच्या संचात, तिचा समावेश आहे. म्हणून तिच्या एका गोष्टीकडे मी तुमचं विशेष लक्ष वेधतो. अडथळा येतो तो वाचन आपोआप होतं म्हणून. डोळा शब्दावर पडला की तो वाचला जातो, थोपवता येत नाही. मग ज्याला ती भाषा अजून वाचताच येत नाही, त्याचं काय? त्याला शब्दाचा अडथळा कमी होतो. मराठी माध्यमाच्या तिसरीतल्या मुलापुढे इंग्रजी रंगांची नावं ठेवली, तर रंग सांगताना त्याला फारसा त्रास न होण्याची शक्यता आहे, आणि अहवालात त्याचं निरोधक नियंत्रण उत्तम ठरेल. शेजारची सरसर वाचणारी मुलगी मात्र अडखळेल. आपण संयम मोजायला बसलो आणि हाती लागलं वाचन. चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि मुलाचा त्या भाषेतला वाचनाचा सराव किती, या दोन ओळी नसतील तर त्या आकड्याचा मला उपयोग होत नाही.

अगदी तान्ह्या मुलांबाबतही असंच झालं. ज्याँ पियाजे यांनी एक चूक नोंदवली होती. आठ-दहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणं एका जागी लपवलं की ते तिथून काढतं. असं काही वेळा झाल्यावर खेळणं त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या जागी लपवलं, तरी त्याचा हात पहिल्या जागीच जातो. अ‍ॅडेल डायमंड यांनी याचा अर्थ लावताना स्मृतीबरोबर रोधाला महत्त्व दिलं : सवयीची हालचाल बाळाला रोखता येत नाही. अर्थ पटणारा होता. मग लिंडा स्मिथ आणि एस्थर थेलेन यांनी सहकाऱ्यांसह 1999मध्ये दाखवलं की दुसऱ्या जागी खेळणं लपवण्यापूर्वी बसलेल्या बाळाला नुसतं उभं धरलं, तरी ती चूक बरीच कमी होते. त्या दोन क्षणांत बाळाच्या मेंदूत नवी नियंत्रणशक्ती उगवली नव्हती, बदलली होती ती त्याच्या शरीराची ठेवण. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो, कारण 'रोखता आलं नाही' हे स्पष्टीकरण किती लवकर पुरेसं वाटू लागतं, हे त्यातून कळतं.

आता मुख्य प्रश्न. या सगळ्या चाचण्या जर एकच क्षमता मोजत असतील, तर एकीत चांगला असलेला माणूस दुसरीतही चांगला ठरायला हवा. अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी 2000 साली कॉलेजच्या 137 विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात रोध हा मनाच्या तीन नियंत्रक कार्यांपैकी एक म्हणून मांडला, आणि संज्ञेच्या प्रसाराला त्यातून मोठा हातभार लागला. पण त्याच गटाच्या नाओमी फ्रीडमन आणि मियाके यांनी 2004मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा जुन्या आठवणींचा अडथळा परतवणं हे बाकीच्या रोधाशी जुळत नाही असं आढळलं. पुढे त्यांच्याच विश्लेषणात रोध हा स्वतंत्र घटक उरेना, तो सर्वसाधारण नियंत्रणात विरघळून गेला. 2018मध्ये झुरिचच्या अलोदी रे-मेरमे आणि सहकाऱ्यांनी अकरा चाचण्या एकत्र वापरल्या. त्यांचा आपसातला संबंध इतका क्षीण निघाला की लेखाच्या शीर्षकातच त्यांनी विचारलं : रोधाचा विचार आता थांबवावा का?

याचं एक कारण त्याच वर्षी क्रेग हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केलं. स्ट्रूपसारखी चाचणी प्रयोगशाळेत लोकप्रिय झाली, कारण तिचा परिणाम जवळजवळ प्रत्येकात दिसतो. सगळ्यांत सारखा दिसतो म्हणूनच तो पक्का. पण सगळ्यांत सारखा असेल तर माणसामाणसांतला फरक त्यातून कसा कळावा? जी गोष्ट चाचणीला सिद्धांतासाठी उत्तम ठरवते, तीच तिला एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करायला कमकुवत ठरवते. हेज यांनी त्याच माणसांना तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा अनेक चाचण्यांत त्यांचा क्रम बराच बदलला. शास्त्रज्ञांनी यात काही लपवलेलं नाही, सारं प्रसिद्ध आहे. ते अहवाल लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग 'आत्मनियंत्रण असलेली मुलं पुढे सुखी होतात' हे खोटं का? नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे 1972-73मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा मागोवा आजवर घेतला जातो आहे. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये दाखवलं की लहानपणी आत्मनियंत्रण कमी असलेल्यांना बत्तिसाव्या वर्षी आरोग्याच्या, पैशांच्या आणि कायद्याच्या अडचणी जास्त होत्या. पण तिथलं आत्मनियंत्रण मोजलं होतं ते पालक, शिक्षक, निरीक्षक आणि खुद्द मुलं यांच्या तीन ते अकरा या वयांतल्या नोंदींवरून. मिलिसेकंदांचा तिथे संबंध नव्हता. ड्युनेडिनचा निष्कर्ष सांगायचा, आणि मग 'म्हणून' असं म्हणून मुलाला कळ दाबण्याचे खेळ विकायचे, यातल्या त्या 'म्हणून'ला पुरावा नाही. पालक या खेळांवर पदरमोड करताना मी पाहतो, तेव्हा मला राग येतो.

एडीएचडीबाबतही हेच. रसेल बार्कली यांनी 1997मध्ये त्या स्थितीच्या मुळाशी रोधाची उणीव आहे असा सिद्धांत मांडला आणि त्याने पुष्कळ संशोधन घडवलं. 2005मध्ये एरिक विलकट आणि सहकाऱ्यांनी 83 अभ्यास एकत्र तपासले. गट म्हणून पाहिलं तर एडीएचडीची मुलं अशा चाचण्यांत मागे पडतात; मात्र ही उणीव त्या निदानासाठी आवश्यकही नाही आणि पुरेशीही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. निदान होतं ते मुलाच्या वागण्यावरून, तेही घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणच्या.

मज्जातंतूंतला रोध आणि चाचणीतला रोध पाहून झाला; आता तिसऱ्या अर्थाकडे, संयमाकडे येतो. वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल : स्टॅनफर्डच्या बिंग बालशाळेतल्या मुलांसमोर खाऊ ठेवायचा आणि थांबलास तर दुप्पट मिळेल असं सांगायचं. तो प्रयोग इच्छाशक्तीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मिशेल यांना स्वतःला अधिक रस होता तो मुलं थांबण्यासाठी काय करतात यात. खाऊ झाकून ठेवला तर मुलं जास्त वेळ थांबत. मार्शमॅलो म्हणजे फुगलेले ढग आहेत असं समजा, असं सुचवलं तरी थांबत. म्हणजे मोह दाबण्यापेक्षा मुलं मोहाकडे पाहण्याची दिशा बदलत होती. मोठ्यांचंही असंच दिसतं. विल्हेल्म हॉफमन यांनी जर्मनीत 205 प्रौढांना दिवसातून अनेकदा विचारलं की आत्ता कसली इच्छा होते आहे, तिच्याशी झगडताय का. ज्यांचं आत्मनियंत्रण मोठं समजलं जात होतं, ते कमी झगडत होते. त्यांचं जगणंच असं रचलेलं होतं की मोहाशी गाठ कमी पडावी. आपण ज्याला ब्रेक म्हणतो तो त्यांना फारसा दाबावाच लागत नव्हता.

आणि 2013मधला सेलेस्ट किड यांचा प्रयोग. खाऊ ठेवण्याआधी त्यांनी 28 मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि सांगितलं, थांब, याहून छान रंग आणून देते. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना रिकाम्या हाताने येऊन सांगितलं, नाहीत गं, राहिलं. मग खाऊ ठेवला. ज्यांना शब्द पाळणारं मोठं माणूस भेटलं होतं ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती तीन मिनिटं. ही मुलं कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीसारखं, योगायोगाने ठरलं होतं. त्या तीन मिनिटांना निरोधक नियंत्रणाचा अभाव म्हणायचं का? मला तो त्या मुलांनी बरोबर केलेला हिशेब वाटतो. उद्या मिळेल म्हणून सांगितलेलं ज्याच्या घरी सहसा मिळत नाही, त्याने हातातलं खाऊन टाकलं तर ते शहाणपण आहे. 2018मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900हून अधिक मुलांवर मिशेल यांचा, थांबणारी मुलं पुढे अधिक यशस्वी होतात हा दावा पुन्हा तपासला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराचसा ओसरला.

तुम्ही विचाराल, मग चाचण्या बंद करायच्या का. मुळीच नाही. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवला असताना थांबण्याची क्रिया कशी बदलते, हे समजून घ्यायला थांब-संकेताइतकं चांगलं साधन दुसरं नाही. तिथे प्रश्न आणि माप एकाच पातळीवर असतात. माझी विनंती अहवाल लिहिणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना आहे, आणि ती फार साधी आहे. 'निरोधक नियंत्रण कमी' या वाक्याच्या जागी जे पाहिलं ते लिहा. कोणती चाचणी, कोणत्या भाषेत, किती वेळ चालली, मूल किती वाजता आलं होतं, जेवून आलं होतं का. बीप वाजल्यावर त्याने कळ दाबली, पण पुढच्या वेळी हळू झालं, की तसंच दाबत राहिलं. वर्गात रांग मोडतं ते कोणत्या तासाला, आणि खेळाच्या मैदानावर आपला डाव येईपर्यंत थांबतं का. हे शेवटचं तुम्हाला दवाखान्यात बसून कळणार नाही, शिक्षकांना विचारावं लागेल.

आणि इथे बसलेल्या शिक्षकांनो, तसं विचारायला कोणी आलं तर कृपया वेळ काढा. तासाला मूल कितीदा उठलं याची आठवडाभराची साधी नोंद, तारीख आणि विषय टाकून, तुम्ही दिलीत, तर तिच्यावरून आम्हाला पालकांशी जे बोलता येतं ते मिलिसेकंदांवरून बोलता येत नाही. अशी वही ठेवणाऱ्या एका बाईंच्या वर्गातला मुलगा माझ्याकडे आला होता. त्यांच्या नोंदीत तो बहुतेकदा उठत होता तो गणिताच्या तासाला, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असताना. आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याला चष्मा लागला.